छोट्या बंगल्याचा करार: ठरावीक फी की टक्केवारी?

जळगाव-धुळ्याकडे दीड-दोन हजार चौरस फुटांच्या नव्या घराला आर्किटेक्टने ठरावीक फीच लावावी. टक्केवारीत, म्हणजे बांधकाम खर्चाच्या काही टक्के फी घेतली तर, सळई महागली की फीही चढते आणि मालकाच्या मनात शंका शिरते. जुन्या वाड्याच्या दुरुस्तीला मात्र टक्केवारीच बरी. भिंत उकरल्याशिवाय काम किती, कळतच नाही.

हप्ते असे पाडा: सहीला 10 टक्के, आराखडा ठरल्यावर 20, मंजुरीच्या नकाशांना 20, कामाच्या नकाशांना 30, उरलेले 20 साइटभेटींवर. भेटी मोजून लिहा: पायाची खोदाई, प्लिंथ (जोतं), प्रत्येक स्लॅब ओतण्याआधी सळया. नुसतं ‘गरजेनुसार देखरेख’ लिहिलंत की रोज सकाळी फोन! तापीकाठच्या काळ्या मातीत माती-परीक्षण आणि आरसीसी (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याच्या) डिझाइनचा खर्च कोणाचा, हेही लिहा. भांडण तिथेच पेटतं. जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्के वेगळे दाखवा.