ओटीपी म्हणजे सहीच: रिटर्न भरून देताना या चुका टाळा

“साहेब, सहा आकडे आलेत, सांगू का?” जुलै संपत आला की आमच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात दिवसभर हेच चालतं. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांनी भाजी घेता घेता मला असेच आकडे सांगितले. मी ते टाकले, रिटर्न व्हेरिफाय झालं म्हणजे त्याची पडताळणी झाली, पुढची फाइल उघडली. डिसेंबरात ते आयकर खात्याचा मेसेज दाखवायला आले. एका सहकारी बँकेतल्या ठेवीचं व्याज दाखवायचं राहून गेलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, “पण मी यावर सही कधी केली?”

आयकर खात्याच्या पोर्टलच्या लेखी त्यांनी केली होती, ओटीपी देऊन. मी मात्र त्यांना कागद दाखवलाच नव्हता.

आपल्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी चूक. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 140 सांगतं की व्यक्तीच्या रिटर्नची पडताळणी त्या व्यक्तीनेच करायची. ती परदेशात असेल किंवा दुसऱ्या कारणाने स्वतः करू शकत नसेल, तर रीतसर मुखत्यारपत्र दिलेला माणूस ते करू शकतो. रिटर्न भरून देतो म्हणून आपण आपोआप तो माणूस होत नाही. म्हणून ओटीपी मागण्याआधी कॉम्प्युटेशन, म्हणजे उत्पन्नाचा आणि कराचा हिशेब, क्लायंटच्या हातात गेलंच पाहिजे. एकूण उत्पन्न, जुनी की नवी करप्रणाली, घेतलेल्या वजावटी, भरायचा कर किंवा येणारा रिफंड आणि रिफंडचं बँक खातं, एवढं तरी त्यांनी डोळ्यांखालून घालावं. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली तर “बघितलं, बरोबर आहे, भरा” असं उत्तर येईपर्यंत थांबा आणि ते उत्तर फाइलमध्ये ठेवा. ज्यांना इंग्रजी कागद वाचता येत नाही त्यांना समोर बसवून मराठीत सांगा. मी आता अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी करतो आणि तिच्यावर सही घेतो. दहा मिनिटं जातात. गर्दीच्या दिवसात ती जड वाटतात, तरी देतो.

दुसरी चूक नुकसान लगेच करते: रिटर्न अपलोड करून व्हेरिफिकेशन “नंतर बघू” म्हणून ठेवणं. पूर्वी यासाठी 120 दिवस मिळायचे. 1 ऑगस्ट 2022 पासून 30 दिवसच आहेत. समजा मुदत 31 जुलै आहे, रिटर्न 25 जुलैला अपलोड झालं आणि व्हेरिफाय 10 सप्टेंबरला. मग ते 10 सप्टेंबरला भरलं असंच धरलं जातं. म्हणजे उशिराचं रिटर्न. कलम 234एफ खाली 5,000 रुपयांपर्यंत शुल्क, एकूण उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1,000. धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. पगारदाराने जुनी करप्रणाली निवडली असेल तर तो पर्यायही हातून जातो, आणि मग कराचा आकडाच बदलतो. विलंब माफ करण्याची विनंती पोर्टलवरून करता येते, पण ती मान्य होईलच असं धरून चालू नका. रोज संध्याकाळी “अपलोड झालं, व्हेरिफाय बाकी” अशी यादी काढायची सवय ठेवा.

अपलोडनंतर पण व्हेरिफिकेशनच्या आधी क्लायंटने चूक दाखवली तर तसंच व्हेरिफाय करून सुधारित रिटर्नचा व्याप वाढवू नका. व्हेरिफाय न झालेलं रिटर्न “डिस्कार्ड” करून नव्याने भरता येतं. फक्त मुदत शिल्लक आहे ना ते आधी पाहा, नाहीतर नवं रिटर्न उशिराचं ठरेल.

ओटीपी येतच नाही ही रोजची तक्रार. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो किंवा मुलाचा असतो. परदेशातल्या मुलांचं इथलं सिम तर बहुधा बंदच. अशा वेळी नेट बँकिंगमधून ई-फायलिंगवर जाता येतं, किंवा पोर्टलवर बँक खातं प्रमाणित करून त्यावर ईव्हीसी (पडताळणीचा इलेक्ट्रॉनिक कोड) चालू करता येतो. बँकेतला आणि पोर्टलवरचा मोबाइल नंबर वेगळा असला की गाडी इथेच अडते, हे आधी तपासा. काहीच जमलं नाही तर आयटीआर-व्ही (रिटर्नच्या पडताळणीचा कागद) छापा, क्लायंटकडून निळ्या शाईने सही घ्या आणि आयकर खात्याच्या बंगळुरू 560500 इथल्या केंद्राला पोस्टाने पाठवा. तारीख मोजली जाते ती तिथे पोहोचल्याची, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. क्लायंट गावाला गेलाय म्हणून त्याची सही आपणच करणं तर कधीच नको.

क्लायंटच्या प्रोफाइलमध्ये ऑफिसचा मोबाइल आणि ईमेल टाकणं सोयीचं वाटतं, कारण ओटीपीसाठी फोन करावा लागत नाही. पण मग सदोष रिटर्नची नोटीसही ऑफिसच्याच मेलवर येते. तिला उत्तर द्यायला 15 दिवस असतात आणि क्लायंटला तिचा पत्ताही नसतो. 14 जुलै 2025 ला खोट्या वजावटींविरुद्ध देशभर 150 ठिकाणी कारवाई झाली, तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नेमकी हीच गोष्ट मांडली: काही मंडळी घाऊक रिटर्नसाठी तात्पुरते ईमेल उघडतात, मग सोडून देतात आणि नोटिसा न वाचलेल्या राहतात. आपलं काम सरळ असलं तरी त्या रांगेत दिसायचं कशाला? मुख्य नंबर क्लायंटचाच ठेवा.

ज्यांचं ऑडिट होतं अशा क्लायंटचे डीएससीचे (डिजिटल सहीचे) डोंगल, वर पासवर्डची चिठ्ठी चिकटवून, सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये पडलेले मी पाहिले आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 42 डिजिटल सहीची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवायची जबाबदारी सहीच्या मालकावर टाकतं. सही करायच्या दिवशी डोंगल घेऊन त्यांना बोलवा आणि काम झालं की परत न्यायला लावा.

त्या शिक्षकांचं सुधारित रिटर्न आम्ही 31 डिसेंबरच्या आत भरलं. या वेळी कॉम्प्युटेशन ते घरी घेऊन गेले. दोन दिवसांनी आले तेव्हा प्रत्येक ओळीसमोर लाल पेनाची बरोबरची खूण होती आणि एका आकड्याभोवती गोल. तो आकडा मी दुरुस्त केला, त्यांनी पुन्हा पाहिला, आणि मग खिशातून मोबाइल काढला.