जुनी बुलेट की नवी क्लासिक? आधी थंड इंजिनाला किक मारून बघा

रॉयल एनफिल्डची जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या इंजिनाची) बुलेट ३५० बघायला जाण्याआधी मालकाला सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. गरम इंजिन बरेच दोष झाकतं. किक सावकाश दाबा, अँमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध आला की डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवा, सोडा, मग पूर्ण किक. पाच-सहा किकांत उठली नाही तर पॉइंट्सची, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची, गॅप (०.३५ ते ०.४० मिमी) किंवा कार्ब्युरेटर बघायचा, खर्च किरकोळ. सुरू झाल्यावर खालून जड ठकठक आली तर मात्र बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचा) संशय घ्या. म्हणजे इंजिन पूर्ण उघडणं आलं. भाव पाडा, नाहीतर सरळ घरी या.

आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. आरसी आजोबांच्या नावावर आणि आजोबा कधीच गेलेले, अशी गाडी कितीही चकचकीत असो, नकोच.

शिवाय बहुतेक जुन्या बुलेटना गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या. रहदारीत दचकलात की सवयीने उजवा पाय दाबला जातो आणि गाडी थांबायची सोडून गिअर पडतो.

रोज ऑफिसला जायचं असेल तर रॉयल एनफिल्डचीच २०२१ नंतरची क्लासिक घ्या: ३४९ सीसी, कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन, पुढे डिस्क, एबीएस. किक मात्र नाही, त्यामुळे बॅटरीकडे लक्ष ठेवा.