रवा-नारळाचे लाडू : कृती नेटवरची चालेल, पाकाची मिनिटं नकोत

रवा-नारळाच्या लाडवांच्या कृती नेटवर ढिगाने सापडतात, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याचशा बरोबर असतात. प्रमाण ठीक, क्रम ठीक, फोटो तर काय विचारता! तरीही घरोघरी लाडू एकतर दगड होतात, नाहीतर डब्यात बसून त्यांची पेंड होते. कारण अख्खी कृती ज्या एका ओळीवर उभी असते ती ओळ अशी असते : साखरेत पाणी घालून पाच ते सात मिनिटं उकळा, एकतारी पाक (निवलेला थेंब दोन बोटांत ताणला की एक तार निघते असा) तयार. ही ओळ दिसली म्हणून कृती टाकून देऊ नका. तेवढी ओळ खोडा, बाकीचं घ्या.

प्रमाण माझं असं : दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी खोवलेला ओला नारळ, दीड वाटी साखर, पाऊण वाटी पाणी, अर्धी वाटी पातळ केलेलं तूप, वेलदोड्याची पूड आणि बेदाणे. वाटी कुठलीही चालेल, पण सगळ्याला तीच हवी. नेटवरचा ‘कप’ बहुतेक वेळा 240 मिलीलिटरचा असतो आणि आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान. रवा कपाने आणि साखर वाटीने घेतली तर पुढे पाक कितीही साधला तरी उपयोग नाही.

रवा बारीकच. उपम्याचा जाड रवा पाक नीट पीत नाही आणि लाडू दाताखाली कचकचतो. जाडच असेल तर मिक्सरमधून दोनदा फिरवून घ्या. नारळ खोवताना पाठीचा करडा भाग येऊ देऊ नका. परदेशात फ्रीझरमधलं खोवलेलं खोबरं मिळतं, ते पूर्ण सुटं होऊ दिलं की छान चालतं. सुकं डेसिकेटेड मात्र इथे नको, ते पाकातलं पाणी शोषून बसतं आणि लाडू कोरडे पडतात.

रवा तुपात मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा. उलथन्याला हलका लागायला हवा, पण रंग बदलता कामा नये. मग खोबरं घालून त्याचा ओलेपणा जाईपर्यंत परता आणि ताटात काढा. इथे कंटाळा केला नाही तर काही बिघडत नाही.

आता पाक

मलाही सगळ्यात छळलं ते यानेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मिनिटांवर पाक होत नाही, याचं कारण सरळ आहे. पाक म्हणजे साखरेच्या पाण्यातलं पाणी उडवत नेणं. ते किती वेगाने उडेल हे पातेल्याच्या तोंडावर, आचेवर आणि तुम्ही पाणी किती घातलंत त्यावर ठरतं. पसरट कढईत जो पाक चार मिनिटांत होतो, तोच उभट पातेल्यात दहा मिनिटं घेईल. व्हिडिओतल्या बाईंची शेगडी तुमच्याकडे नाही आणि त्यांचं पातेलंही नाही, मग त्यांची मिनिटं काय कामाची? शिवाय एकतारी आणि दोनतारी यांत अंतर असतं ते जेमतेम काही चमचे पाण्याचं. सुरुवातीला भरपूर पाणी असतं, तेव्हा दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी फरक पडत नाही. शेवटी पाणी थोडंच उरतं, तेव्हा एवढीशी वाफ गेली तरी पाक पुढच्या पायरीवर जातो. फोन घ्यायला वळलात की गेला.

दुसरा फसवा सल्ला म्हणजे ‘पाक मधासारखा झाला की उतरवा’. उकळता पाक कधीच मधासारखा दिसत नाही. एकतारी पाक गरम असताना पातळच दिसतो, आणि कढईतच मधासारखा दिसायला लागला तर तो एकतारीच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो. डोळ्यांवर जाऊ नका.

बोटांनी तपासायचा तो असा. साखर आणि पाणी एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा आणि साखर विरघळेपर्यंतच ढवळा. नंतर पळीला हात लावायचा तो फक्त थेंब घेण्यासाठी. खळाखळा उकळी आली, बुडबुडे मोठ्याचे बारीक आणि दाट व्हायला लागले की गॅस बंद करा. हो, बंद. शेगडी चालू ठेवून तार बघत बसणं ही सगळ्या दगडी लाडवांची जननी आहे; तुम्ही बोटं चोळत असता तेव्हा पाक आपलं काम पुढे नेतच असतो. पळीच्या टोकावरचा थेंब स्टीलच्या ताटलीत टाका आणि तो कोमट होऊ द्या. गरम थेंबाला तार येत नाही. ‘अजून झाला नाही’ म्हणून माणूस आणखी उकळतो आणि घात होतो. (बोट भाजतं ते वेगळंच.) थेंब निवला की अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं सावकाश लांब करा. चिकट लागलं पण तार आली नाही, तर गॅस लावून अर्धा-एक मिनिट उकळा, पुन्हा बंद, पुन्हा थेंब. एक बारीक तार निघाली आणि सेंटीमीटरभर तरी न तुटता ताणली गेली की थांबा. दोन तारा दिसल्या किंवा तार ताठ उभी राहिली तर पाक पुढे गेला.

पुढे गेला तरी रडायचं कारण नाही, आणि हे बऱ्याच कृती सांगत नाहीत. रवा पडेपर्यंत पाक मागे आणता येतो. दोन-तीन चमचे पाणी घाला, एक उकळी काढा, पुन्हा तपासा. साखरेला राग येत नाही. पण एकदा रवा पडला की हा रस्ता बंद. म्हणून माझा नियम कडक आहे : तार डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रव्याच्या ताटाला हात लावायचा नाही, मग घरातलं कोणी कितीही घाई करो.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी थोडं. एकतारीला साधारण 105 अंश सेल्सियस असा आकडा सांगतात, तो समुद्रसपाटीचा. मुंबईत किंवा रत्नागिरीत चालेल. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, तिथे साधं पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे पुण्यात 105 ची वाट बघितलीत तर पाक दोन अंश जास्त शिजला असं समजा, आणि लाडवांना दोन अंश पुष्कळ होतात. आधी नुसतं पाणी उकळून त्यात थर्मामीटर बुडवा, जो आकडा येईल त्यात पाच मिळवा. महाबळेश्वरला तर हे केल्याशिवाय थर्मामीटर काढूच नका. आणि हे सगळं केलं तरी शेवटी ताटलीतला थेंब बघाच.

पाकात लिंबू पिळायचं का? गुलाबजामला जरूर. आंबटामुळे काही साखर फुटते, तिचे पुन्हा खडे धरत नाहीत, पाक पातळ राहतो. लाडवांत आपल्याला नेमकं उलट हवं असतं. साखरेने थोडं धरलं तरच लाडू आकारात राहतो. तेव्हा ‘पाक साखरू नये म्हणून अर्धं लिंबू’ हा सल्ला इथे आणू नका.

रवा पडल्यावर

गॅस बंद असतानाच भाजलेला रवा आणि वेलदोडा पाकात घाला, गुठळ्या मोडा, झाकून ठेवा. मिश्रण शिऱ्यापेक्षाही सैल दिसेल. दिसू द्या. ‘पातळ झालं’ म्हणून वरून रवा घालणारे लोक दोन तासांनी वाळूचा ढीग ढवळत असतात. रवा पाक पितो, फुगतो, मिश्रण आळत जातं; त्याला दोन ते तीन तास लागतात आणि दर अर्ध्या तासाने एकदा खालीवर करावं लागतं. झटपट व्हिडिओत हाच वेळ कापलेला असतो, म्हणून ‘दहा मिनिटांत लाडू’ म्हणणाऱ्याचा बाकीचा सल्लाही मी बेताबेतानेच ऐकते. पिठीसाखरेचे बिनपाकाचे लाडू दहा मिनिटांत होतात, पण तो वेगळा पदार्थ आहे आणि त्याला तूपही वेगळं लागतं.

मूठ दाबल्यावर आकार धरला आणि तळव्याला तूप लागलं, चिकटा नाही, की वळा. वळतानाच प्रत्येकावर एक बेदाणा.

कोरडं पडलं तर गरम दुधाचा हबका मारून पाच मिनिटं झाका, मग मळून वळा. मात्र हे लाडू लवकर संपवा. चार तासांनीही सैलच राहिलं तर पाक कच्चा होता. ते मिश्रण मंद आचेवर कडा सोडेपर्यंत परता, तूप लावलेल्या ताटात थापा आणि वड्या पाडा. वळायचा हट्ट धरू नका, ते लाडू संध्याकाळपर्यंत बसणारच.

ओला नारळ असल्याने उन्हाळ्यात हे लाडू बाहेर दोन दिवसांवर ठेवत जाऊ नका. थंडीत तीन-चार दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. फ्रिजमधून काढल्या काढल्या ते कडक लागतात, तेव्हा खायच्या अर्धा तास आधी बाहेर ठेवा. दिवाळीत पंधरा दिवस पुरवायचे असतील तर नारळ वगळून नुसत्या रव्याचे करा. पाक तोच, एकतारीच.