उंच हँडलसाठी केबल आणि वायरिंग कसे निवडावे

मोटारसायकलला उंच हँडल बसवणारे बरेच जण नव्या केबल अंदाजाने मागवतात आणि क्लचची केबल दोन बोटे कमी पडते, हे गाडी अर्धी उघडल्यावर त्यांच्या लक्षात येते. म्हणून नवे हँडल आधी नुसते कसून घ्यावे, लिव्हर जागेवर लावावेत आणि मोजमाप झाल्यावरच केबल मागवाव्यात.

हँडल चार इंच उंच म्हणजे केबलही चार इंच लांब, हा हिशोब चालत नाही. हँडल मागेही झुकलेले असते आणि केबल वळणे घेत जाते. सोलापुरात सुताला तोटा नसला, तरी मोजायला सुतळी घेऊ नये, कारण ती वळणावर दुमडते आणि लांबी कमी दाखवते. जुन्या केबलचे रिकामे आवरण लिव्हरपासून टाकीखालून इंजिनापर्यंत मूळ वाटेने न्यावे, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे आणि जास्त येईल ते माप धरावे. आवरण जितके वाढेल तितकीच आतली तारही वाढली पाहिजे; आवरणाबाहेर उरणारी तार जुन्या केबलइतकीच असावी. त्यासाठी जुनी केबल दुकानात सोबत न्यावी.

क्लचची किंवा एक्सिलेटरची केबल जोड देऊन कधीही वाढवू नये. डिस्क ब्रेक असल्यास लांब होज (ब्रेक ऑइलची नळी), नवे तांब्याचे वॉशर आणि ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच ऑइल घ्यावे. ब्रेकमधील हवा काढण्याची सवय नसेल, तर हे काम मेस्त्रीकडेच द्यावे.

वायर मात्र जोडता येते. बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवून, त्याच जाडीची आणि शक्यतो त्याच रंगाची वायर घ्यावी, जोड झाकणारी स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) आधी ओवून मग सोल्डर करावे आणि सगळे जोड एकाच ठिकाणी न आणता पुढेमागे ठेवावेत. नुसत्या काळ्या टेपवर विसंबू नये; सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला, की तिचा गोंद पाघळतो. हँडल वळते त्या मानेपाशी जोड नकोच. मी तो तिथेच दिला होता आणि पुढे कितीतरी दिवस माझा हॉर्न फक्त उजवीकडे वळतानाच वाजत असे.

शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवावे. इंजिनाचा आवाज जरासा जरी चढला, तरी एक्सिलेटरची केबल ताणली जात आहे असे समजून तिची वाट किंवा लांबी बदलावी. त्यानंतर क्लचला पुरेशी ढील आहे का, ब्रेक घट्ट लागतो का आणि इंडिकेटर दोन्ही टोकांना पेटतात का, हे पाहावे. पहिली फेरी गल्लीतच मारावी, तुळजापूर रस्त्यावर नव्हे.