थंडीत गाडी सेल्फ घेत नाही? आधी बॅटरी बघा

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा १० अंशांखाली गेला की सकाळी गाडी कुंथत सुरू होते. बोल थंडीला लागतो, पण बॅटरी खंगते ती मे महिन्याच्या ४५ अंशांत. थंडी फक्त ते उघडं पाडते.

बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचली असेल, तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करून घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. जोडताना मात्र पॉझिटिव्ह आधी.

रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली पडला, तर नव्या बॅटरीचे भाव विचारायला लागा. (धरमपेठ ते गोकुळपेठ असल्या भाजीपुरत्या फेऱ्यांत ती धड चार्जही होत नाही.)

डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा कॉइलचा पिवळा दिवा (म्हणजे इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा) विझेपर्यंत थांबा. घाईत नेमकं हेच राहतं. सेल्फ झपाट्याने फिरतो तरी इंजिन उशिरा पकडतं? मग प्लग किंवा इंधनाची लाइन मेकॅनिकला दाखवा. तोवर सेल्फ एका दमात १० सेकंदांवर मारू नका.