भेंडीच्या ठशाची टाइल

घराचं काम निघालं की दोन-चार टाइल्स उरतातच. माळ्यावर नाहीतर बाल्कनीच्या कोपऱ्यात त्या वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यात भिंतीची पांढरी, गुळगुळीत, सहा बाय सहा इंची टाइल असेल तर ती खाली काढा. तिच्यावर ठसेकाम फार देखणं होतं, आणि उत्तम ठसा तुमच्या भाजीच्या टोपलीत आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. कागद रंग पितो, टाइल पीत नाही. तिच्यावरच्या काचेसारख्या थरावर रंग नुसता बसतो. पुढची सगळी काळजी एवढ्यासाठीच.

टाइल भांड्यांच्या साबणाने धुऊन कोरडी करा, मग कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा. यानंतर तिला फक्त कडांनी धरायचं. बोटाचा तेलकट डाग राहिला तर नेमका तिथलाच रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. माझ्या पहिल्या टाइलचा एक कोपरा असाच गेला. रंग सिरॅमिकसाठीचाच, ओव्हनमध्ये पक्का होणारा घ्या. पोस्टर कलर ओल्या फडक्यानेसुद्धा निघून येतो.

आता ठसा. जरा जून भेंडी घ्या आणि देठाकडून इंचभरावर धारदार सुरीने आडवी, अगदी सपाट कापा. पाच कोन, आत बियांची पाच घरं, झालं फूल तयार! फक्त कापलेली बाजू चिकट असते आणि त्या बुळबुळीत रंग फुटतो. म्हणून भेंडी वर्तमानपत्रावर पालथी ठेवून पंधरा-वीस मिनिटं सुकू द्या. बटाट्यावर पान कोरलंत तर त्याचंही पाणी असंच टिपून घ्या. कापडछपाईचे लाकडी ठसे सुंदर असतात, पण कडक टाइलवर कडक लाकूड सगळीकडून नीट टेकत नाही. त्यापेक्षा खोडरबर कोरा.

ठसा रंगात बुडवू नका. स्पंजच्या तुकड्याने त्याच्यावर रंगाचा पातळ थर टिपून टिपून लावा. पहिला ठसा कागदावर उमटवून बघा. मग टाइलवर सरळ खाली टेकवा, मनात दोन मोजा, सरळ वर उचला. जरा जरी फिरला तरी घसरतो आणि फुलाला शेपूट फुटतं. फुटू दे. रंग ओला आहे तोवर ओल्या कापडाने पुसा, पुन्हा स्पिरिट फिरवा आणि नव्याने सुरुवात करा. कागद एवढी सवलत देत नाही.

चार टाइल्स असतील तर प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात पाव फूल उमटवा. चारही जवळ ठेवल्या की मधोमध पूर्ण फूल जुळतं. रंग एकच ठेवा, शक्यतो निळा. पणजीच्या फोंताइन्हास भागात घरांच्या नावांच्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्सच्या, पाट्या पाहिल्यात तर पांढऱ्यावरचा नुसता निळा किती पुरतो ते कळेल. त्या मात्र भट्टीत भाजलेल्या असतात, पाऊस सोसतात. आपली टाइल घरातच बरी.

टाइल 24 तास वाळू द्या. नंतर थंड ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, ठेवून मगच तो सुरू करा. बऱ्याच रंगांना 150 अंश सेल्सिअसवर अर्धा तास लागतो, पण बाटलीवर लिहिलंय तेच खरं. वेळ तापमान गाठल्यापासून मोजा. बंद केल्यावर दार उघडू नका, टाइल आतच निवू द्या. गरम टाइल ओट्यावर काढली तर तडा जाऊ शकतो.

कपाखाली ठेवणार असाल तर खालच्या बाजूला चार कोपऱ्यांत फेल्टच्या चकत्या चिकटवा, म्हणजे टेबलावर ओरखडे येणार नाहीत. रंगवलेल्या बाजूवर खाऊ वाढू नका आणि तारेची घासणी लावू नका. भिंतीवर बसवायची तर गॅसमागची आणि न्हाणीघरातली जागा टाळा. देवघरामागची भिंत चांगली, नाहीतर दाराच्या आतल्या बाजूला, किल्ल्यांच्या खुंटीच्या वरच्या बाजूला.