औषधी रेणूत फ्लोरिन घालताना

फ्लोरिन कोणत्या अभिकर्मकाने घालायचा हे ठरवण्याआधी तो कोणत्या कार्बनवर आणि कशासाठी हवा, हे वहीत लिहून काढावे. कोलेस्टेरॉलवरील एझेटिमाइब या औषधात बेंझीन वलयांच्या पॅरा (म्हणजे जोडणीच्या अगदी समोरच्या) स्थानी फ्लोरिन आहे, तो शरीरातील विकरांना त्या जागी ऑक्सिजन जोडता येऊ नये म्हणून. अमाइनचा आम्लारिधर्म उतरवायचा असेल तर हिशेब वेगळा: एथिलअमाइनच्या संयुग्मी आम्लाचा (प्रोटॉन घेतलेल्या अमाइनचा) पीकेए, म्हणजे आकडा जितका कमी तितका अमाइनचा आम्लारिधर्म कमी असे माप, सुमारे 10.7 असतो, शेजारच्या कार्बनवर एक फ्लोरिन आला की तो 9 च्या आसपास येतो आणि तीन आले की 5.7 वर, म्हणजे रक्ताच्या 7.4 सामूला ते अमाइन जवळजवळ प्रभाररहितच राहते. लक्ष्य प्रथिनाला प्रभारित अमाइन हवे असेल, तर अर्थातच हाच फ्लोरिन घात करतो.

पद्धत ठरते ती रेणूवर आधीपासून असलेल्या गटावरून. वलयावर अमाइन असल्यास 1927 ची बाल्झ–शीमान अभिक्रिया आहे, मात्र तिच्यात अमाइनपासून बनवलेला, स्फोट होऊ शकणारा डायॅझोनियमचा क्षार कोरडा तापवावा लागत असल्याने मोठ्या प्रमाणावर ती जपूनच करावी. वलयावरील क्लोरिनच्या ऑर्थो (लगतच्या) किंवा पॅरा स्थानी नायट्रो गट असल्यास पूर्ण कोरडे केलेले पोटॅशियम फ्लोराइड पुरते. 1,3-डायकार्बोनिल संयुगांना सिलेक्टफ्लोर हे फ्लोरिन देणारे अभिकर्मक, आणि अल्डिहाइडवर ट्रायफ्लोरोमिथिल गट जोडण्यासाठी रुपर्ट–प्रकाश अभिकर्मक.

अल्कोहोलच्या जागी फ्लोरिन आणायचा तर बहुतेक जण डॅस्टकडे (डायएथिलअमिनोसल्फर ट्रायफ्लोराइड या अभिकर्मकाकडे) वळतात. कोरड्या डायक्लोरोमिथेनमधील अल्कोहोल नायट्रोजनखाली, ड्राय आइस आणि ॲसिटोनच्या बाथमध्ये उणे 78 अंशांवर ठेवून डॅस्ट थेंबाथेंबाने सोडावा आणि मग तापमान सावकाश वर येऊ द्यावे. सुमारे 90 अंशांच्या पुढे डॅस्टचे स्फोटक विघटन होऊ शकते. म्हणून शिल्लक डॅस्ट निकामी केल्याशिवाय फ्लास्क रोटाव्हॅपवर (द्रावक उडवणाऱ्या फिरत्या, तापवणाऱ्या उपकरणावर) लावू नये. त्यासाठी मिश्रण पुन्हा गार करून सोडियम बायकार्बोनेटचे संपृक्त द्रावण अगदी हळू घालावे, कारण फेस जोरात उसळतो. पाण्याशी संपर्क येताच हायड्रोजन फ्लोराइड सुटते, त्यामुळे भाजल्यास त्वचेला लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल काम सुरू करण्यापूर्वीच हाताशी असावी. हायड्रोजन फ्लोराइडने भाजल्याची वेदना कित्येकदा उशिरा जाणवते.

दुय्यम अल्कोहोलात विन्यास (त्या कार्बनभोवतीची त्रिमितीय मांडणी) सहसा उलटतो, तेव्हा सुरुवातीचा एनॅन्शिओमर (आरशातील प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एक) त्या हिशेबाने निवडावा. कच्च्या मिश्रणाचा फ्लोरिन-19 एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात फ्लोरिनच्या खुणा दाखवणारा वर्णपट) लगेच काढावा: साध्या दुय्यम फ्लोराइडची खूण उणे 170 ते 190 पीपीएमच्या दरम्यान दिसते आणि त्याच कार्बनवरील हायड्रोजनमुळे ती सुमारे 48 हर्ट्झने दुभंगते. खरी डोकेदुखी सोबत तयार होणाऱ्या अल्कीनची, कारण शुद्धीकरणाच्या कॉलममध्ये (क्रोमॅटोग्राफीत) ते अनेकदा फ्लोराइडबरोबरच उतरते. अशा वेळी, रेणूतील बाकीचे गट सोसणार असतील तर, मिश्रणाला एमसीपीबीए (मेटा-क्लोरोपरबेंझोइक आम्ल) देऊन अल्कीनचे इपॉक्साइड करावे. ते जास्त ध्रुवीय असल्याने कॉलमवर मागे राहते.